चूक क्रमांक चार

श्रीरंगराव हुद्दारांना चुका दिसायच्या. त्याला त्यांचा इलाज नव्हता. बेंगळूरच्या घड्याळांच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासनिसाची नोकरी केलेला माणूस. सकाळपासून डोळ्याला भिंग लावायचं आणि कुठे काय बिघडलंय ते शोधायचं, एवढंच काम. असा माणूस घरी येताना भिंग ठेवून येतो, नजर थोडीच ठेवून येणार? लग्नाच्या पत्रिकेत तारीख आणि वार जुळत नसला की ते आधी त्यावर बोट ठेवत आणि मग अभिनंदन करत. धारवाडचे नातेवाईक त्यांना पत्रिका पाठवायला टरकत.

रविवारी सकाळी साडेदहाला टीव्हीवर कन्नडमधली पोलिसांची मालिका लागली की मात्र त्यांची दिवाळी असे. इन्स्पेक्टर विरूपाक्ष नावाचा मिशाळ गडी दर आठवड्याला एक गुन्हा सोडवी, आणि तेवढ्या वेळात श्रीरंगराव दहाबारा चुका पकडत. विरूपाक्ष जीपमध्ये चढताना टोपी डोक्यावर, उतरताना बगलेत. चोराला गोळी लागे उजव्या हाताला, पट्टी असे डाव्या. हवालदाराच्या खांद्यावर फौजदाराचे तारे. मुसळधार पावसातून पळत आलेल्या माणसाचा शर्ट इस्त्रीचा. घड्याळांच्या बाबतीत तर ते कुणालाच माफ करत नसत. विरूपाक्षाने प्रश्न विचारला तेव्हा भिंतीवर सव्वाचार, आणि आरोपीने उत्तर दिलं तेव्हा पावणेसात!

हे सगळं ते आधी वहीत टिपत. दुपारी जेवण झालं की पोस्टकार्डावर आकडे घालून सुवाच्य कन्नडमध्ये उतरवत, आणि सोमवारी कारखान्याची बस पकडायला जाताना कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकत. खाली ‘आपला हितचिंतक’, सही आणि जे. पी. नगरचा पूर्ण पत्ता. निनावी पत्र लिहिणं त्यांना भ्याडपणाचं वाटे.

“लोकांच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं तुम्हाला,” त्यांची बायको अहल्या म्हणायची. पण ती हे हसून म्हणायची, आणि रविवारी वही-पेन्सिल तीच आणून ठेवायची.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारीही तिने ती तशीच आणून ठेवली. शेजारच्या नीलाताई आल्या होत्या. त्यांच्या टीव्हीत चित्र नाचायचं, म्हणून दर रविवारी त्या यायच्याच. मालिका सुरू झाली आणि पडद्यावर अक्षरं आली: सत्य घटनेवर आधारित, नावं बदललेली आहेत. मग एक बंगलीवजा घर दिसलं. घरात एकटी राहणारी, निवृत्त झालेली शाळामास्तरीण. बैठकीच्या खोलीत लाकडी स्टूल, आणि भिंतीवर लंबकाचं लांबट घड्याळ.

श्रीरंगरावांच्या हातातला कॉफीचा पेला तिथेच थांबला. नावं बदलली होती, पण दुसरं काहीसुद्धा बदललं नव्हतं. ते घर वसुमतीबाईंचं होतं, त्यांच्या घरापासून दोन क्रॉस, म्हणजे दोन आडगल्ल्या, पलीकडचं. त्र्याण्णवच्या जानेवारीमध्ये बाई त्या घरात मेलेल्या सापडल्या होत्या. खटला अजून कोर्टात पडून होता, पण नावं बदलली की टीव्हीवाल्यांना कोण विचारतो!

उठून जावं असं त्यांना फार वाटलं. पण विरूपाक्षाला सोडून श्रीरंगराव उठले, हे या घरात कधी घडलं नव्हतं. दोन बायकांनी दहा प्रश्न विचारले असते. म्हणून ते बसून राहिले. पडद्यावर मोलकरणीने मागचं दार उघडून आपल्या याराला आत घेतलं. तो स्टुलावर चढला, त्याने घड्याळ काढलं, आवाज ऐकून बाई आल्या, त्याने त्यांच्या डोक्यात मारलं, फडक्याने बोटांचे ठसे पुसले आणि घड्याळ घेऊन तो पसार झाला.

“ज्या घरचं खाल्लं त्याच घराचे वासे मोजले,” नीलाताई म्हणाल्या. “आपल्याच भागात झालेलं हे. कुठे गेली हो ती बाई?”

“सुटली म्हणे जामिनावर,” अहल्या म्हणाली.

श्रीरंगरावांची पेन्सिल चालत होती. छातीतली धडधड दाबायला त्यांना दुसरा उपाय ठाऊक नव्हता. कारखान्यात साहेब अंगावर ओरडून गेला तरी ते पुढचं घड्याळ उचलून भिंगाखाली धरत. तसंच हे. चूक क्रमांक एक, मोलकरणीच्या पदराचा रंग. दोन, कंदील आधी भरलेला, मग रिकामा. तीन, जीपचा नंबर. लिहिता लिहिता श्वास जरा सुधारला.

दुपारी त्यांनी कार्ड काढलंच नाही. तेव्हा अहल्येने विचारलं, “आज नाही लिहायचं? बरं वाटत नाही का?” मग लिहावंच लागलं. त्यांनी वहीतल्या आठ चुका जशाच्या तशा उतरवून काढल्या.

सोमवारी सकाळी पेटीच्या तोंडाशी कार्ड धरून त्यांनी सवयीप्रमाणे एकवार नजर फिरवली आणि ते सोडलं. ते आत पडलं, आणि नजरेने वाचलेलं मग डोक्यात शिरलं.

‘चूक क्रमांक चार. संध्याकाळी सातच्या प्रसंगात भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं दिसतात. मुळात त्या वेळी त्या भिंतीवर घड्याळ नव्हतंच. नुसता खिळा होता आणि खाली घड्याळाच्या आकाराचा डाग.’

ते पेटीलाच धरून उभे राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय! तीन वर्षं ज्या गोष्टीबद्दल त्यांनी बायकोजवळ अवाक्षर काढलं नव्हतं, ती त्यांनी पंधरा पैशांच्या उघड्या कार्डावर नावापत्त्यासकट लिहून दिली होती.

ते घड्याळ श्रीरंगरावांच्या माळ्यावर होतं.

चोरलं नव्हतं त्यांनी. वसुमतीबाईंशी त्यांची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली होती. बाईंचं घड्याळ मागे पडायचं. “दुकानदारांवर माझा विश्वास नाही, तुम्ही आपल्यातले, तुम्हीच बघा,” असं त्या म्हणाल्या, आणि त्या गुरुवारी कारखान्यातून परत येताना श्रीरंगराव त्यांच्याकडे गेले. उंच माणूस, जमिनीवर उभं राहूनच त्यांनी घड्याळ खाली घेतलं. मागे खिळा, डाग आणि कडेने जळमटं. “अगोबाई, किती घाण ही! पुसून घेते,” म्हणत बाईंनी स्टूल ओढलं. “उद्या कामवाली आली की पुसेल, तुम्ही चढू नका,” ते म्हणाले. “दोन मिनिटांचं काम,” बाई म्हणाल्या. तेव्हा साडेसहा झाले होते. श्रीरंगरावांनी घड्याळ चादरीत गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि घरची वाट धरली. दोन मिनिटांचं काम होतं, आणि त्यांचा हात तिथवर पोचत होता. ते त्यांनी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामवालीने दार उघडलं तर बाई आडव्या झालेल्या स्टुलापाशी पडलेल्या. हातापाशी फडकं. दगडी उंबऱ्याला रक्त. आणि भिंतीवर घड्याळ नाही! पोलिसांनी दोन आणि दोन पाच केले. घड्याळ गेलं म्हणजे चोरी, चोरी म्हणजे खून, आणि घराची दुसरी किल्ली होती त्या कामवालीकडे. तिला पकडलं.

पेपरात हे वाचलं त्याच क्षणी श्रीरंगरावांना सगळं कळलं होतं. तिसऱ्या दिवशी ते पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलेही. ओसरीवर एक शिपाई कुणा माणसाला कानाखाली मारत होता. तो माणूस वाकून काहीतरी समजावून सांगत होता आणि शिपाई पुन्हा मारत होता. श्रीरंगराव आल्या पावली परतले. बाईंना जिवंत पाहिलेले शेवटचे आपण, घड्याळ आपल्या घरात, साक्षीदार एकही नाही, मग विश्वास कोण ठेवणार? उद्या जाऊ, परवा जाऊ. मग इतके दिवस का नाही आलात, असं विचारतील. मग इतके महिने. निरपराध माणसाला कोर्ट सोडतंच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हे वाक्य फार सोयीचं होतं. त्यांनी ते तीन वर्षं पुरवून वापरलं.

आता ते पेटीसमोर उभे होते आणि बस निघून गेली होती. पेटीवर लिहिलं होतं, साडेअकराला उघडते. ते अडीच तास उभे राहिले. पोस्टमन आला, पेटी उघडली, आणि श्रीरंगरावांनी हात जोडले.

“माझं एक कार्ड चुकून पडलंय. तेवढं परत द्या, सार.”

“पेटीत पडलं की ते ज्याच्या नावाचं त्याचं,” पोस्टमन कन्नडमध्ये म्हणाला. “तुमचं राहिलं नाही. नियम आहे.”

“पत्त्यात चूक झालीय हो. स्वल्प, जरा बघू द्या.”

“पत्त्यात चूक असली तर परत येईल तुमच्याकडे.” त्याने पत्रं पोत्यात ओतली. सगळ्यात वर त्यांचंच कार्ड होतं, त्यांच्याच अक्षरातलं. हात लांबवला असता तर मिळालं असतं. पण सरकारी पोत्यात हात घालायची छाती श्रीरंगरावांना नव्हती, आणि पोस्टमन शिटी वाजवत निघून गेला.

त्यानंतर खाई त्याला खवखवे सुरू झालं. कुठेही जीप थांबली की ते खिडकीचा पडदा सारत. जेवणात मीठ नसलं तरी त्यांना कळेना. ज्या माणसाने उभ्या जन्मात आमटीतली चूक सोडली नाही, त्याने दोन दिवस अळणी आमटी मुकाट्याने गिळली, तेव्हा अहल्या काळजीत पडली. “डॉक्टरकडे जाऊ या का?” तिने विचारलं. ते नको म्हणाले. तिला सांगावं असं तोंडापर्यंत येई. पण आता सांगायचं तर घड्याळाबद्दल नव्हे, तीन वर्षांबद्दल सांगावं लागणार, हे कळून ते गप्प बसत.

मंगळवारी संध्याकाळी खरोखरच एक हवालदार दारात आला. “हुद्दार?” त्याने विचारलं. श्रीरंगरावांनी मान हलवली आणि दोन्ही हात पुढे केले. का केले कोण जाणे.

हवालदाराने त्या हातांत एक कागद ठेवला. वरच्या मजल्यावर वेदांत नावाचा पुण्याचा मुलगा भाड्याने राहायचा. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला जाणार होता, त्याच्या पासपोर्टची चौकशी होती. “मुलगा चांगल्या वर्तनाचा आहे ना? शेजारी म्हणून सही करा.” श्रीरंगरावांनी सही केली. ती इतकी वेडीवाकडी आली की हवालदाराने पुन्हा करायला लावली. चांगल्या वर्तनाची हमी ते देत होते!

आठवडा गेला. त्या रविवारी मालिका बघताना त्यांनी वहीला हात लावला नाही. कार्ड कुठेतरी रद्दीत गेलं असेल, असं वाटू लागलं. मग पुढच्या बुधवारी संध्याकाळी प्रेक्षकांच्या पत्रांचा कार्यक्रम लागला. अहल्या भाजी निवडत होती. बातम्या वाचल्यासारख्या चेहऱ्याची निवेदिका एकेक पत्र वाचत होती आणि शेजारचा जाडा निवेदक मान डोलवत होता.

“आणि हे एक मजेशीर पत्र,” ती म्हणाली. “जे. पी. नगरहून श्री. श्रीरंग हुद्दार लिहितात…”

अहल्येने आनंदाने किंकाळी फोडली. “नीलाताई! अहो, लवकर या! आमच्यांचं पत्र वाचतायत!”

निवेदिकेने एकामागून एक चुका वाचल्या. पदराचा रंग, कंदील, जीपचा नंबर. जाडा निवेदक हसत होता. मग तिने चौथी वाचली. खिळा, डाग, सगळं वाचलं.

“अरे बापरे,” जाडा निवेदक म्हणाला, “हे हुद्दार तेव्हा तिथेच बसले होते की काय!” आणि दोघंही पोट धरून हसले.

नीलाताईंनी टाळ्या वाजवल्या. अहल्येने साखरेचा डबा आणून नवऱ्याच्या तोंडात चिमूट घातली. ती साखर श्रीरंगरावांना गिळता येईना. अख्ख्या कर्नाटकाने ऐकलं होतं. आता पोलिसांना पत्ता शोधायचीही गरज नव्हती.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, कुणी आलं नाही. वाट बघण्याचं भय हे येणाऱ्या माणसाच्या भयापेक्षा वाईट असतं. शनिवारी कारखान्याला सुट्टी होती. दुपारी अहल्या पुढच्या खोलीत गजरा ओवत बसलेली पाहून श्रीरंगरावांनी आतल्या खोलीचं दार लोटलं, माळ्यावरून चादरीतलं घड्याळ काढलं आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. मोडायचं. एकेक चक्र सुटं करायचं आणि रोज दोनदोन तुकडे वेगवेगळ्या कचऱ्यात टाकायचे. मग काय सिद्ध करतील? त्यांनी मागची झडप उघडली, लंबक सोडवला, पहिला स्क्रू फिरवला. बावीस वर्षांत त्यांच्या हाताने कधी एकही घड्याळ मोडलं नव्हतं.

दाराची घंटा वाजली.

“अहो!” अहल्येने हाक मारली. “तुमच्याकडे कोणी आलंय.”

आले, असं त्यांच्या मनात आलं. मागून पळावं असंही आलं. पण या घराला मागचं दार नव्हतं. ते स्क्रूड्रायव्हर हातात घेऊनच बाहेर आले.

दारात पोलीस नव्हता. चाळिशीची एक बारीक बाई उभी होती. सुती लुगडं, हातात कापडी पिशवी, पायांवर हेब्बाळपासून दोन बस बदलून आल्याची धूळ.

“टीव्हीत पत्र वाचले ते हुद्दार अण्णा तुमीच काय?” तिने विचारलं.

“हो. आपण?”

“मी भाग्यलक्ष्मी. वसुमतीबाईंच्या घरी कामाला हुतो.”

तिच्या गावचं, निपाणीकडचं बोलणं ते. श्रीरंगरावांना ते नीट ऐकू आलं तरी क्षणभर कळलंच नाही. पोलिसांची त्यांनी हजार वेळा कल्पना केली होती. ही बाई येईल असं एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

“आत या, अक्का,” अहल्या म्हणाली. तिचा चेहरा गोंधळला होता. भाग्यलक्ष्मी आत आली, पण बसली नाही.

“हेब्बाळला एक खानावळ हाय, तिथं भांडी घासतोय आता. मालकीण टीव्ही लावल्या हुत्या. हुद्दार कुठं ऱ्हातात, विचारत विचारत आलो. एकच विचारायला आलोय, अण्णा. खिळा आन डाग. तुमाला कसं ठाव?”

“अंदाजाने लिहिलं,” श्रीरंगराव म्हणाले. “मला सवय आहे. चुका काढायची.”

“अंदाजानं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “त्या दिवशी सकाळी बाई मला म्हणाल्या, संध्याकाळी घड्याळ दुरुस्तीला नेणार एकजण, आपल्यातलेच हाईत, घड्याळाच्या कारखान्यातले. नाव सांगितल्या न्हाईत, मीबी विचारलो न्हाई. पोलिसांस्नी हेच सांगितलो. ते चार दुकानं फिरून आले आन म्हणाले, असा माणूसच न्हाई, तू रचून सांगतीस. चौदा महिने आत हुतो. वकीलबी म्हणाले, ते माणसाचं सोड, खोटं वाटतंय. सगळेच म्हणतात म्हटल्यावर मलाबी वाटाय लागलं, बाई खरंच तसं म्हणाल्या हुत्या, का माझंच डोकं फिरलंय?” ती थांबली. “म्हणून आलो. असा माणूस हाय का न्हाई, तेवढं बघायला.”

“बसा हो तुम्ही, खुर्ची आणते,” म्हणत अहल्या आतल्या खोलीत गेली. तिला अडवावं म्हणून श्रीरंगरावांनी हात उचलला, पण तोवर ती आत पोचली होती.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात खुर्ची नव्हती. दोन्ही हातांनी तिने ते लांबट घड्याळ धरलं होतं, लंबक काढलेलं, मागची झडप लोंबत असलेलं.

“अहो,” ती म्हणाली, “हे कुणाचं आहे?”

भाग्यलक्ष्मी पुढे झाली आणि तिने घड्याळाच्या लाकडावरून हात फिरवला. कडेला एक टवका उडालेला होता, त्यावर बोट ठेवून ती उभी राहिली. रोज सकाळी तिनेच ते घड्याळ पुसलेलं असणार.

मग श्रीरंगरावांनी सांगितलं. जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. गुरुवार, साडेसहा, चादर, पिशवी, स्टूल, बाईंचं ‘दोन मिनिटांचं काम’, पोलीस ठाण्याचं फाटक.

“म्हंजे बाईंना कोण मारलं न्हाई?” भाग्यलक्ष्मीने विचारलं.

“नाही. भिंत पुसताना पडल्या.”

“कोणच न्हाई?”

“कोणीच नाही. खून झालाच नव्हता.”

ती मटकन खाली बसली. अहल्येने घड्याळ टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि ती कुणा परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. “तीन वर्षं?” एवढंच ती म्हणाली. श्रीरंगरावांना वाटलं, पोलिसांनी मारलं असतं तरी चाललं असतं.

“आत टाकतील मला, अहल्या,” ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “शेवटचा मीच होतो तिथे. घड्याळ माझ्या घरात. म्हणतील, यानेच केलं.”

“म्हणतील कदाचित,” अहल्या म्हणाली. “शर्ट बदला.”

भाग्यलक्ष्मी उठली. तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडलीच नव्हती. श्रीरंगराव घड्याळापाशी गेले. “स्वल्प थांबा,” ते म्हणाले. “लंबक बसवतो, स्क्रू लावतो. असं उघडं कसं न्यायचं?”

“असंच घ्या, अण्णा,” ती म्हणाली. “आता मला थांबा म्हणू नका.”

रिक्षात तिघं बसली. श्रीरंगराव कडेला, घड्याळ मांडीवर, सुटे भाग अहल्येच्या पिशवीत. ठाण्याचं फाटक आलं तेव्हा उतरताना अहल्येने त्यांचा दंड धरला. ओसरीवर आज कुणी कुणाला मारत नव्हतं. एक शिपाई केळं खात होता. तरीही श्रीरंगरावांना त्या पाच पायऱ्या चढायला किती वेळ लागला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आत हेड कॉन्स्टेबल शिवाप्पा लिहायला बसले होते. समोर एक तरुण इन्स्पेक्टर. त्याच्या मिशा विरूपाक्षासारख्या नव्हत्या, चेहरा झोप न झालेल्या कारकुनासारखा होता. घड्याळ टेबलावर ठेवलं तसा तो ताठ बसला. श्रीरंगराव कन्नडमध्ये बोलत होते, मध्येच अडखळत होते. शिवाप्पांची लेखणी थांबत होती आणि पुन्हा चालत होती. स्टुलाचं सांगून झालं तेव्हा इन्स्पेक्टरने हाताने थांबवलं.

“तुम्ही काय म्हणताय ते कळतंय ना? त्यांना शेवटचं पाहणारे तुम्ही. चोरीला गेलेली वस्तू तुमच्याकडे. हे लिहून घेतलं की मी तुम्हाला इथून सोडेनच असं नाही.”

“कळतंय,” श्रीरंगराव म्हणाले. “लिहा.”

“सगळं ठाऊक होतं, तर तीन वर्षं का आला नाहीत?”

श्रीरंगरावांनी कारणं शोधली. तीन वर्षांत त्यांनी पुष्कळ जमवून ठेवली होती. नोकरी होती, बायको होती, कोर्ट सोडेलच ही खात्री होती.

“भीती वाटली,” ते म्हणाले.

मागे बाकावर बसलेली भाग्यलक्ष्मी उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. साहेबाला कळावं अशी तिची इच्छा नसावी, कारण ती मराठीतच बोलली आणि त्यांच्याकडे बघूनच बोलली.

“भ्या मलाबी वाटत हुतं, अण्णा,” ती म्हणाली. “पण मला कोण घरी जाऊ दिलं न्हाई.”